पोत्याला नव्वद की सदुसष्ट?

आज जरा गणिताविषयी लिहायचं आहे. थांबा, पान उलटू नका! पाककृती शेजारच्या रकान्यात आहेत, त्या कुठं पळून जात नाहीत. पाच मिनिटं माझ्यासोबत बसा. विषय आहे दोन बिंदूंतून जाणाऱ्या सरळ रेषेचं समीकरण. नाव ऐकून पोटात गोळा आला ना? पण याच समीकरणानं आमच्या गावातल्या एका सुनेच्या नावावरचा डाग पुसला. म्हणून तर लिहायला बसले.

मी कुरुंद्याची. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात आमचं गाव. टोकाई देवीचा गड आणि टोकाईच्या नावाचा साखर कारखाना, यामुळं बऱ्याच जणींनी गावाचं नाव ऐकलेलं असतं. ऊस आहेच, पण आमच्या तालुक्याची खरी ओळख म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, घोळसून तिची साल घालवायची, ही सगळी कामं बायकांच्या हातून गेलेली. पैशाचा हिशेब मात्र बहुतेक घरांत पुरुषांच्या खिशात! तर ते असो.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर गल्लीतल्या सात-आठ मुली अभ्यासाला येतात. ही काही शिकवणी नव्हे, फी नाही. चहाची वेळ झाली की त्यांच्यातलीच एखादी उठून आधण ठेवते. त्यांतली एक यंदा दहावीला आहे. हुशार आहे, मराठीचं वाचन तर असं की ऐकत राहावं. पण गणिताचा तास म्हटला की तिचा चेहरा उतरतो. चाचणीत गणितात कमी गुण पडले आणि घरात बोलणं सुरू झालं, “जमत नसंल तर कायले ओढाताण करायची? दहावी झाली म्हंजे बास.” गणितातल्या कमी गुणांवरून मुलीचं शिक्षण थांबवणं हे आपल्याकडं किती सहज होतं ना! मुलाला कमी पडले तर त्याला क्लास लावतात.

दहावीच्या भूमितीत निर्देशक भूमिती नावाचं प्रकरण आहे. त्यात दोन बिंदूंमधलं अंतर येतं, विभाजनाचं सूत्र येतं आणि रेषेचा चढ येतो. पुढं अकरावीत त्याच चढावरून रेषेचं समीकरण लिहायला शिकवतात. आमच्या या मुलीचा प्रश्न एकच होता, “ताई, हे लागतंय कुठं?”

मी तिला अंगणात नेलं. सकाळची ठिपक्यांची रांगोळी अजून पुसली गेली नव्हती. म्हटलं, “डावीकडून सातवा, खालून तिसरा ठिपका दाखव.” तिनं लगेच बोट ठेवलं. “आता चौथा, खालून पाचवा.” तोही दाखवला. झालं की! प्रत्येक ठिपक्याला दोन आकड्यांचा पत्ता. किती आडवं जायचं आणि किती उभं जायचं. आडव्या आकड्याला क्ष म्हणायचं, उभ्याला य. ही युक्ती पुस्तकात नीट मांडून ठेवली ती रने देकार्त या फ्रेंच माणसानं, १६३७ मध्ये. त्याच काळात फर्मा नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच गणितज्ञालाही ती सुचली होती. तोवर आकड्यांचं गणित एका बाजूला आणि आकृत्यांचं दुसऱ्या बाजूला, असा संसार होता. या युक्तीनं दोघांचं लग्न लागलं म्हणा ना.

आता दोन ठिपके जोडणारी रेघ ओढायची झाली तर किती ओढता येतील? सरळ असेल तर एकच. शेतात सरी पाडताना दोन टोकांना खुंट्या ठोकतात आणि सुतळी ताणतात. दोन खुंट्या पक्क्या झाल्या की सुतळीला दुसरीकडं जायला वावच राहत नाही. दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, हे पुस्तकातलं वाक्य म्हणजे तीच ताणलेली सुतळी.

इथपर्यंत तिला पटलं. पण “लागतंय कुठं” याचं उत्तर अजून बाकी होतं. ते चार दिवसांनी तिच्याच घरातून चालत आलं.

तिची वहिनी आमच्या भागातल्या बचत गटाचा हिशेब ठेवते. दहा बायकांचा गट. शेतकऱ्यांकडून वाळलेली हळकुंडं घ्यायची, वसमतच्या गिरणीतून दळून आणायची आणि पावडरची पाकिटं करून विकायची, असा धंदा. पोती न्यायला छोटा हत्ती लागतो. गाडीवाला पावती-बिवती देत नाही. तोंडी आकडा सांगतो, वहिनी पैसे देते आणि स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून पत्र्याच्या डब्यात टाकते. २०२२ च्या जुलैत गावात पुराचं पाणी शिरलं होतं, तेव्हापासून आमच्या गल्लीत कागदपत्रं अशीच पत्र्याच्या डब्यात, उंच फळीवर असतात.

तर गटाच्या बैठकीत चिठ्ठ्या निघाल्या. एका खेपेला ८ पोती नेली, भाडं ७२० रुपये. दुसऱ्या खेपेला १५ पोती, भाडं १००० रुपये. गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजींनी बोटांवर हिशेब केला. शाळा चार इयत्ता, पण पावकी-निमकी-दिडकी अजून तोंडपाठ! त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा लवकर होतो. आठ पोत्यांना सातशेवीस, म्हणजे पोत्याला नव्वद. पंधरा पोत्यांना हजार, म्हणजे पोत्याला सदुसष्टच्या आत. आजी म्हणाल्या, “गाडी तीच, रस्ता तोच. एका पोत्याला कवा नव्वद, कवा सदुसष्ट? पैशाला पाय फुटले काय माय?”

बैठक गप्प झाली. मग एकीनं हिशेब पुढं नेला. सदुसष्टच्या भावानं आठ पोत्यांचे साधारण ५३३ व्हायला हवेत. वहिनीनं लिहिलेत ७२०. मग वरचे १८७ गेले कुठं? आणखी एक चिठ्ठी निघाली. ११ पोती, ८४० रुपये. त्याच भावानं ७३३ व्हायला हवेत. इथंही शंभरावर फरक. दोन्ही मिळून जवळजवळ तीनशे. तीनशे रुपये म्हणजे मोठी रक्कम नव्हे, असं कुणी म्हणेल. पण दहा बायकांनी महिन्याला थोडे थोडे टाकून उभा केलेला गट आहे हा. आणि प्रश्न पैशाचा राहिलाच नाही. चिठ्ठ्यांवर अक्षर वहिनीचं. ती बिचारी रडवेली होऊन म्हणत होती, “त्यानं मागितले तेवढेच दिले.” पण दाखवणार काय? त्या रात्री तिनं हिशेबाची वही माझ्याकडं आणून ठेवली. म्हणाली, “ताई, मला नको हे काम. माहेरची अब्रू जायची वेळ आली.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची नणंद, म्हणजे आपली दहावीवाली, अभ्यासाला आली. मी तिच्यासमोर आलेखाचा कागद ठेवला आणि तिन्ही चिठ्ठ्या ठेवल्या. “आडवी पोती, उभे रुपये. लाव ठिपके.”

तिनं आधी दोनच लावले. (८, ७२०) आणि (१५, १०००). पट्टी ठेवून रेघ ओढली. मग चढ काढायला सांगितला. चढ म्हणजे काय हो? एक पाऊल आडवं गेल्यावर किती वर चढलो, एवढंच. इथं एक पोतं वाढलं की भाडं कितीनं वाढतं. पोती ८ वरून १५ झाली, वाढ ७. रुपये ७२० वरून १००० झाले, वाढ २८०. दोनशेऐंशी भागिले सात, म्हणजे ४०. एका जादा पोत्याला चाळीस रुपये. नव्वद नाही आणि सदुसष्टही नाही!

इथं एक बारीकसा खड्डा आहे, ज्यात बऱ्याच मुली पडतात. वर १००० मधून ७२० वजा केले तर खालीही १५ मधूनच ८ वजा करायचे. उलट घेतलं तरी चालतं, ७२० उणे १००० आणि ८ उणे १५. दोन्ही ऋण येतात आणि भागाकार पुन्हा ४० च. पण वर एक क्रम आणि खाली दुसरा, असं केलं की उत्तर उणे चाळीस येतं. म्हणजे पोती वाढली की भाडं कमी! असा गाडीवाला कुणाला भेटला तर मला कळवा.

आता चाळीस रुपये पोत्याला, तर आठ पोत्यांचे झाले ३२०. दिले ७२०. मग उरलेले ४०० कशाचे? मुलगी पेन्सिल चावत बसली. मग रेघ डावीकडं मागं मागं नेली, जिथं पोती शून्य होतात तिथवर. रेघ शून्यावर आलीच नाही. वर, ४०० वर येऊन टेकली. तशी ती ओरडलीच, “ताई, पोतं नसलं तरी चारशे! गाडी नुसती दारात उभी करायचेच चारशे!”

समीकरण वहीवर उतरलं. य − ७२० = ४० × (क्ष − ८). सोडवलं की य = ४० × क्ष + ४००. शब्दांत सांगायचं तर, भाडं म्हणजे पोत्यामागं चाळीस, अधिक गाडीचे चारशे. अकरावीत याला रेषेचं द्विबिंदू रूप म्हणतात. आधी दोन बिंदूंवरून चढ, मग चढ आणि एक बिंदू वापरून समीकरण. यापलीकडं त्यात काही नाही.

आजींचं गणित चुकलं होतं असं मात्र म्हणू नका. त्यांनी केलं ते त्रैराशिक. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली, तीतही ते आहे आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या जिभेवरही आहे. इतक्या शेरांना इतके, तर तितक्यांना किती? किराण्याला, दुधाला, मजुरीला ते चोख चालतं. पण त्रैराशिकात एक गोष्ट धरलेली असते. माल शून्य तर पैसेही शून्य. म्हणजे रेघ कोपऱ्यातल्या आरंभबिंदूतून निघाली पाहिजे. जिथं सुरुवातीलाच काही ठरावीक रक्कम द्यावी लागते, तिथं दर नगाचा भाव काढत बसलं की तो सारखा बदलताना दिसतो. थोडी पोती असली की चारशे रुपये थोड्यांवर वाटले जातात, म्हणून भाव चढा. जास्त असली की तेच चारशे जास्त पोत्यांत विरतात. नव्वद आणि सदुसष्टमधला सगळा संशय या चारशेत दडलेला होता.

तुम्ही म्हणाल, दोन ठिपके घेतले तर रेघ जाणारच. त्यात सिद्ध काय झालं? अगदी बरोबर! मलाही तेच विचारायचं होतं आणि मी मुलीला विचारलं. वहिनीनं मनाला येईल तो आकडा लिहिला असता तरी दोन आकड्यांतून रेघ निघालीच असती. म्हणून तिसरी चिठ्ठी मी बाजूला ठेवली होती. दोन बिंदू रेषा ठरवतात, साक्ष द्यायची ती तिसऱ्यानं. ११ पोती. चाळीस गुणिले अकरा, चारशेचाळीस. अधिक चारशे. आठशेचाळीस. चिठ्ठीवरही ८४०! पोरीनं कागदावर ठिपका लावला, तो बरोबर रेघेवर बसला. पैसे खाणारी बाई दर खेपेला एवढी रेघ सांभाळून पैसे खात नसते.

एक चौथी चिठ्ठीही होती. ६ पोती, ६९० रुपये. समीकरणानं येतात ६४०. ठिपका रेघेच्या वर पन्नासनं. वहिनीचा जीव पुन्हा खालीवर. चिठ्ठी उलटून पाहिली तर मागं बारीक अक्षरात लिहिलेलं, “गिरणीवर थांबला, ५०.” लाईट गेली होती म्हणून त्या दिवशी गाडी खोळंबली होती. रेघ कुणाला चोर ठरवत नाही. इथं काहीतरी वेगळं घडलंय, विचारा, एवढंच ती सांगते.

बैठक पुन्हा बसली. आलेखाचा कागद फिरला. गटातल्या निम्म्या जणींना आलेख वाचता येत नव्हता, पण तीन ठिपके एका ओळीत आहेत हे रांगोळी काढणाऱ्या कुठल्या बाईला दिसणार नाही? तरी आजींनी गाडीवाल्याला फोन लावायला लावलाच. फोन स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, “गाडीचे चारशे आन् पोत्याला चाळीस. पैल्या दिशीच सांगितलं व्हतं की!” सांगितलं असेलही. ज्या बाईला सांगितलं ती नंतर गट सोडून लेकीकडं गेली होती. आजींनी वहिनीला जवळ बोलावलं, वही तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “धर. आन् त्या चारशेचं बघा काहीतरी. सहा पोत्यांसाठी गाडी बोलवूच नका.” बघा, म्हणजे समीकरण आजींनाच सगळ्यात आधी उमगलं! आता गट बारा-पंधरा पोती साठल्याशिवाय गाडी बोलवत नाही.

मुलींना मग नादच लागला. कुठं दोन आकडे दिसले की रेघ ओढायची. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन बसल्या. बर्फ वितळतो तिथं सेल्सिअस ०, फॅरनहाइट ३२. पाणी उकळतं तिथं सेल्सिअस १००, फॅरनहाइट २१२. झाले की दोन बिंदू. शंभरनं आडवं गेलं की १८० नं वर, चढ १.८. म्हणजे फॅरनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२. डॉक्टर म्हणतात ३७ आणि आई म्हणते साडेअठ्ठ्याण्णव, ते दोन्ही एकच कसं, हे असं कळतं. ३७ घालून बघा, ९८.६ येतं. लेकराला १०२ ताप असेल तर तो सेल्सिअसमध्ये ३८.९. रात्री-बेरात्री नवा डिजिटल थर्मामीटर वेगळेच आकडे दाखवायला लागला की घाबरायचं कारण नाही.

एकीनं विचारलं, दोन खेपांना पोती सारखीच आणि भाडं वेगळं असेल तर? प्रश्न फार चांगला होता. आडवी वाढ शून्य, शून्यानं भागता येत नाही, चढ निघतच नाही. ठिपके एकावर एक उभे राहतात आणि रेषा सरळ उभी, क्ष = ८ अशी. हिशेबात असं दिसलं तर समजायचं, भाडं पोत्यांवर नाही, दुसऱ्याच कशावर तरी ठरतंय. डिझेल असेल, पाऊस असेल, नाहीतर गाडीवाल्याचा मूड!

पण या नादाला लगामही हवा. जन्मतः तीन किलोचं बाळ पाच महिन्यांत साधारण सहा किलोचं होतं. या दोन बिंदूंतून रेघ ओढून मुलींनी दहा वर्षांच्या मुलाचं वजन काढलं. आलं ७५ किलो! हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं. बाळाची वाढ सरळ रेषेत नसते, सुरुवातीला झपाट्यानं, मग हळूहळू. हळदीचा भावही कधी सरळ रेषेत जात नाही, नाहीतर आमच्या घरांवर माड्या चढल्या असत्या. आणि आमच्या भाड्याची रेघसुद्धा गाडीत मावतील तेवढ्याच पोत्यांपुरती खरी. चाळीस पोती झाली की दोन खेपा आणि दोनदा चारशे. दोन बिंदूंच्या मधलं सांगताना रेषा बऱ्यापैकी भरवशाची, बाहेर लांब गेली की फसवायला लागते.

दहावीवाल्या मुलीचं म्हणाल, तर तिनं आता गटाच्या चिठ्ठ्यांवर पोती आणि रुपये यांच्या शेजारी तिसरा रकाना पाडलाय, “रेघेनं किती” असा. गणिताचे गुण परीक्षेत काय पडतील ते पडतील. घरातलं “दहावी झाली म्हंजे बास” हे मात्र त्या बैठकीपासून ऐकू आलेलं नाही. वहिनीच म्हणते, “हिला अकरावीला घालायचंच. माझी वही कोण बघंल?”

सध्या ओसरीवर एक मोठं गणित चालू आहे. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे ९ लाख ८७ हजार आणि २०११ मध्ये सुमारे ११ लाख ७७ हजार. २०२१ ची जनगणना झालीच नाही, कोरोनात पुढं ढकलली गेली. म्हणजे हातात दोनच बिंदू! मुलींनी चढ काढला, वर्षाला १९ हजार. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून करायचं ठरलं आहे. २०११ पासून सोळा वर्षं, सोळा गुणिले एकोणीस हजार म्हणजे ३ लाख ४ हजार, एकूण १४ लाख ८१ हजार. एकीचं म्हणणं, इतके भरणार नाहीत, आता घरोघरी दोनच लेकरं. दुसरी म्हणते, कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेले कुठं मोजणार, तिथंच ना? वहीत तारीख घालून तिघींनी आपापले आकडे लिहून ठेवलेत, सह्या केल्यात आणि ती वहीही पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे.